गाड्यांचं माहेर

लोक मला विचारतात, परदेश पाहिलात का? मी म्हणतो, दुबईत एकोणीस वर्षं काढली, तो काय स्वदेश होता? मग म्हणतात, तसं नव्हे हो, फिरायला म्हणून. तर फिरायला म्हणून मी जपानला गेलो. सिंगापूर नाही, बँकॉक नाही, जपान. आणि मोकळ्या हातानं गेलो नाही. बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा घेऊन गेलो. त्या डब्यापायी काय काय झालं ते लिहून ठेवतोय.

शाळा माझी चौथीपर्यंत. पाचवीत मी गेलो होतो, पण पाचवी काही माझ्यात शिरली नाही. तरी हे सगळं माझं मी लिहिलंय. नातीनं फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलं. एका ठिकाणी ती म्हणाली, "आजोबा, हे वाक्य जरा बदलू?" मी म्हटलं, वाक्याला हात लावायचा नाही.

दुबईच्या रास अल खोर भागात आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे, मालक पठाण आणि हात आमचे. काम एकच, गाडीचं स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे नेणं. जपानात गाडी आपल्यासारखीच असते, ड्रायव्हर उजवीकडे. तिथले लोक पाचसात वर्षं वापरून गाडी विकतात, ती जहाजात बसून दुबईला येते. पुढं ज्या देशात ड्रायव्हर डावीकडे बसतो तिथं जायची असेल, तर आधी आमच्याकडे यायची. डॅशबोर्ड उतरवायचा, मधला पत्रा कापायचा, पेडलं सरकवायची, वायरी लांबवायच्या, वायपरसुद्धा उलटे करायचे. काम असं झालं पाहिजे, की ही बाई कधी काळी उजव्या खांद्यावर पदर घेत होती हे पुढच्याला कळता कामा नये. माझ्या हातच्या गाड्यांचं कुणाला कळलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, फुशारकीनंच सांगतो.

माझ्या जोडीला रत्नागिरीकडचा एक मुसलमान गडी होता, वेल्डिंगचा बादशहा. वयानं माझ्याच बरोबरीचा. मला उस्ताद म्हणायचा, पण ऐकायचा मात्र काही नाही.

गाडी उघडली की आत जपान सापडायचं. कागदी रुमालांची पाकिटं, मधे भोक असलेली नाणी, गाण्यांच्या कॅसेटी, कंगवे, एकदा तर लहान मुलाचा एकच बूट. सुरुवातीच्या दिवसांत एका गाडीत पायापाशी लाल कागदी नळकांडं अडकवलेलं निघालं, वर वात असल्यासारखं काहीतरी. आमचा वेल्डर "बॉम, बॉम!" करत जो पळाला, तो थेट समोरच्या चहाच्या टपरीत. मीही पळालो, पण चालल्यासारखा पळालो. मालक आला, त्यानं ते उपटून हातात धरलं आणि पोट धरधरून हसला. गाडी रस्त्यात बंद पडली तर मागच्यांना दिसावं म्हणून पेटवायचा तो लाल दिवा होता. तिथं प्रत्येक गाडीत असतो म्हणे. नव्वदच्या पुढं काही गाड्यांत बाईही निघायला लागली. चावी फिरवली की डॅशबोर्डातून गोड आवाजात जपानीत काहीतरी सांगायची. मी तिला रोज "हो हो" म्हणायचो. बाई इतक्या अदबीनं बोलतेय म्हटल्यावर गप्प कसं राहायचं?

आणि आरशाला टांगलेली ती छोटी पिशवी. बोटाच्या दोन पेरांएवढी, जरीच्या कापडाची, वरून गाठ मारलेली, कधी खाली इवलंसं घुंगरू. पहिली सापडली तेव्हा मी ती वेल्डरला दाखवली.

"वासाची पिशवी असंल," तो म्हणाला.

मी नाकाला लावली. "वास नाही."

त्यानंही हुंगून बघितली. मग एकदम हात मागे घेतला. "उस्ताद, गाडीच्या आरशाला माणूस दोनच गोष्टी टांगतो. एक वास आणि दुसरा देव. ह्याला वास नाय."

"मग टाकायची नाही."

"टाकायची कशी? ती कुणाची तरी अमानत हाय. माझा धर्म येगळा, पण अमानत ती अमानत."

झालं. तेव्हापासून बिस्किटांचा रिकामा डबा माझ्या हत्यारांच्या कपाटात वरच्या खणात बसला. हत्यारं खाली, देव वर. लाल, पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, अशा पिशव्या येत गेल्या. काहींवर जपानी अक्षरं भरतकामानं काढलेली. एकही मी उघडली नाही. गॅरेजातली बाकीची पोरं हसायची. बिहारी पेंटर म्हणायचा, "चाचा, ये तो की-चेन है, एअरपोर्ट पे मिलता है." मी म्हणायचो, तुझ्या आईनं दंडात बांधलेला ताईत काढ, तोही की-चेनला लाव. मग तो ब्रश उचलून कामाला लागायचा.

दुबई सोडायची वेळ आली तेव्हा डबा गच्च भरला होता. झाकण दाबून बसवावं लागायचं. पहिली बारा वर्षं मी दुबईत एकटा होतो. पोरगा शिकून तिथं नोकरीला लागला तेव्हा त्यानं आईलाही बोलावून घेतलं. आता गावी परत जायचं ठरल्यावर आमची ही म्हणाली, "अहो, हे दुसऱ्यांचे देव आपल्या देव्हाऱ्यात नकोत. ह्यांचं नाव माहीत नाही, ह्यांना काय चालतं काय नाही माहीत नाही. कोपले तर कुणाला विचारायचं?"

वेल्डर म्हणाला, "खाडीत सोडून दे."

"पोलीस दंड करतील. आणि ह्या देवांना हे पाणी कुठं ओळखीचं आहे?"

"तो क्या, चाचा, जपान पहुंचाओगे?" बिहारी पेंटर लांबून ओरडला, आणि सगळं गॅरेज हसलं.

मी हातातला पाना खाली ठेवला. म्हटलं, "हो. पोचवतो. स्वतःच्या हातानं पोचवतो. आणि नाही पोचवले तर ह्या गॅरेजात परत पाय ठेवणार नाही."

आता बोलून गेलो. एकोणीस वर्षांत बोललेलं मागं घ्यायची सवयच केली नव्हती, ती आता कुठून आणू? जपान काय शारजा आहे, बसनं जाऊन यायला?

पण योग असतात. दोन हजार साल उलटून तीनचार वर्षं झाली होती. पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही इतकी वर्षं राबलात. गावी जाण्याआधी एक फॉरेन टूर माझ्याकडून. मलेशिया? सिंगापूर?"

मी म्हटलं, "जपान."

"जपान खूप एक्स्पेन्सिव्ह आहे, बाबा."

"मग राहू दे. आम्ही इथूनच मुंबईला जातो."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आठ दिवसांच्या टूरचा कागद आणून दिला. दुबईहून निघणारा ग्रुप, सगळे भारतीय, बरोबर तोही येणार. हिनं कागदावरचा दिरहमचा आकडा वाचला, मनातल्या मनात बारानं गुणला आणि पदर तोंडाला लावला. डब्याबद्दल मी पोराला अवाक्षर बोललो नाही. स्वेटरांच्या मधे गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवला.

ओसाकाच्या विमानतळावर पांढरे हातमोजे घातलेल्या अधिकाऱ्यानं नेमकी माझीच बॅग उघडायला सांगितली. स्वेटर काढले, डबा काढला, झाकण काढलं. आत बघून तो थांबला. शेजारच्याला बोलावलं. दोघं डब्यात बघत उभे.

"बाबा, काय आहे हे?" पोराचा आवाज चिरका झाला. "व्हॉट इज धिस?"

"देव आहेत."

"कुणाचे?"

"ह्यांचेच."

अधिकाऱ्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. पोरानं माझ्याकडं बघितलं. मग मी हवेत स्टिअरिंग धरलं, उजवीकडं बसून दाखवलं, तेच स्टिअरिंग उचलून डावीकडं नेलं, आरशावरची पिशवी काढली आणि डब्यात ठेवली. मागं अख्खा ग्रुप बघतोय. त्या माणसाला किती कळलं कुणास ठाऊक, पण झाकण त्यानं दोन्ही हातांनी लावलं आणि दोन्ही हातांनीच डबा माझ्यापुढं धरला. त्या दोन हातांवरून मी समजलो, की-चेन नव्हे.

पोरगा बसमधे म्हणाला, "मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू नाही म्हणाला असतास."

"अर्थात नाही म्हणालो असतो!"

"म्हणूनच."

तो म्हणाला, आपल्याला रोज शेड्यूल आहे, कुठं शोधत बसणार, हॉटेलात ठेवून जाऊ, कुणीतरी बघेल. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर तर माझी अवस्था वेगळीच झाली. सगळ्या माझ्या गाड्या! ज्यांची मी आतडी बाहेर काढून परत भरली त्या सगळ्या जातीच्या गाड्या, आपल्या आपल्या उजव्या स्टिअरिंगवर, धुतलेल्या पुसलेल्या, रांगेत शिस्तीत चाललेल्या. सासुरवाशिणी आम्ही रोज बघायचो, माहेर कधी बघितलं नव्हतं. मी हिला म्हटलं, "बघ, इथं किती सुखात होत्या." ही म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना कापलंत."

हॉटेलच्या लिफ्टमधे शिरलो तर आतून आवाज आला. गोड, अदबीचा, जपानी. मी चमकलो. "हीच ती!" पोराला म्हटलं, "ही डॅशबोर्डातली बाई! इतकी वर्षं ओळखतो मी हिला." आणि सवयीनं "हो हो" म्हणालो. लिफ्टमधला एक साहेब माझ्यासाठी थोडा बाजूला सरकला.

चौथ्या दिवशी क्योतो नावाच्या गावात मुक्काम होता. हॉटेलपासून जवळच नदी, उथळ, स्वच्छ, दोन्ही बाजूंना दगडी काठ. बघितल्याबरोबर ठरवलं. देव विसर्जन करायचे ते वाहत्या पाण्यात. गणपती काय, घटातलं धान्य काय, फाटलेली पोथी काय, आपण दुसरं काय करतो? हे त्यांच्याच देशाचं पाणी. आणखी काय पाहिजे?

सकाळी उजाडल्या उजाडल्या मी आणि ही निघालो. बस साडेआठला सुटणार होती. पोराला उठवलं नाही. हिनं पर्समधून हळदीकुंकवाची पुडी आणलेली, मी हॉटेलचं कार्ड खिशात ठेवलेलं. पायऱ्यांवर बसलो. हिनं डब्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, म्हणाली, "जे कोण असाल ते, चुकलं माकलं पोटात घाला." मी पहिली ओंजळ भरून पाण्यात सोडली.

"दामे! दामे!"

वरून एक म्हातारा ओरडत येत होता. माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठा असेल, डोक्यावर टोपी, हातात कुत्र्याची दोरी, दोरीच्या टोकाला केसाळ छोटं कुत्रं. दामे म्हणजे काय, हे कळायला जपानी यावं लागत नाही. त्याला वाटलं, हे पाहुणे नदीत कचरा टाकतायत.

मला कुणी ओरडलेलं चालत नाही. मी मराठीत म्हटलं, "कचरा नाही, देव आहेत! तुमचे आहेत!" तो जपानीत बोलत राहिला. मी मराठीत बोलत राहिलो. कुत्रं दोघांवर भुंकायला लागलं. ही म्हणाली, "अहो, भांडू नका, ते बघा तरंगतायत."

खरंच, जरीच्या पिशव्या बुडेनात. सातआठ रंगीत पिशव्या पाण्यावर डुलत निघाल्या. म्हाताऱ्यानं त्या नीट बघितल्या, आणि त्याचं बोलणं मधेच तुटलं. पुढच्या क्षणाला त्यानं कुत्र्याची दोरी हिच्या हातात दिली, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ पाण्यात. मग मी कसा बसणार काठावर? मीही उतरलो. पाणी असं गार, की पायांची बोटं आहेत की गेली कळेना. तो इकडून, मी तिकडून, दोघं वाकून एकेक पिशवी पकडतोय, कोंबड्या धरल्यासारखं. एक मात्र लांब गेली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं. दोघंही धावलो. त्यानं पकडली. हे मी कबूल करतो.

काठावर येऊन त्यानं डब्यात बघितलं. सगळ्या पिशव्या. एक उचलून अक्षरं वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. मग मला हातानं खूण केली, चला.

दोन गल्ल्या सोडून एक लहानसं देऊळ होतं. दगडी कमान, झाडं, हात धुवायला पाण्याची टाकी. कोपऱ्यात लाकडी पेटी, वर फट. म्हाताऱ्यानं झाकण उचकटून दाखवलं. आत तशाच पिशव्या, जुन्या, मळलेल्या. म्हणजे हेसुद्धा टाकत नाहीत. ह्यांच्याकडेही जुन्या देवांना जागा आहे. फक्त पाण्यात नाही. पुजारी आला, निळा पायघोळ घातलेला तरणा माणूस. त्यानं हाताच्या बोटांनी ज्वाळा करून दाखवल्या. जाळतात, मंत्र म्हणून. ह्यांचा देव अग्नीनं जातो. एवढी वर्षं डबा जपला आणि शेवटच्या घटकेला मी त्यांना बुडवायला निघालो होतो! त्या म्हाताऱ्याचा कुत्रा फिरवायचा रस्ता दुसरा असता तर?

मी पेटीपाशी उभा राहून एकेक पिशवी आत टाकायला लागलो. पुजाऱ्यानं खुणेनं विचारलं, डबाच ओतू का? मी मान हलवली. एकेक करून आल्यात, एकेक करूनच जातील.

माझ्या खिशातलं हॉटेलचं कार्ड हिनं पुजाऱ्याला दिलं होतं, त्यावरून त्यानं फोन केला असावा, कारण थोड्या वेळानं पोरगा धावतच आला, मागं आमची जपानी गाईड, हातात ग्रुपची पिवळी झेंडी.

"बाबा! सगळे बसमधे बसलेत! आणि तुमची पँट ओली का आहे?"

"बसू दे."

"बाबा, प्लीज! यल्ला, चला ना! उरलेले एकदम टाका."

"तू हो पुढं. मी नंतर येतो."

"कसे येणार? जपानी येतं तुम्हाला?"

"ह्यांना मराठी येतं का? तरी इथवर आलोच ना."

गाईड त्या म्हाताऱ्याशी बोलत होती. तिनं पोराला इंग्रजीत विचारलं, पोरानं मला विचारलं, ह्या तुमच्याकडं कुठून आल्या? मी सांगितलं, तुमच्या विकलेल्या गाड्यांतून. तुम्ही गाडी विकलीत, देव काढायला विसरलात. मी काढून ठेवले. पोरानं ते इंग्रजीत सांगितलं, गाईडनं जपानीत. सांगताना तिचा आवाज हळू झाला. म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि कमरेत वाकला. असा वाकला की मला त्याचं टक्कल दिसलं.

"काय म्हणतोय?"

पोरगा म्हणाला, "सॉरी म्हणतायत. जे जे विसरले त्यांच्या वतीनं."

गाड्या विकल्या भलत्यांनी आणि माफी मागतोय हा. मीही वाकलो. एकोणीस वर्षं बॉनेटखाली वाकून वाकून माझी कंबर आधीच गेलेली, सरळ होताना हिनं हात दिला.

मान वर केली तर पोरगा पेटीपाशी. त्यानं डब्यातून एक पिशवी उचलली, आत टाकली. दुसरी उचलली. एकेक करूनच. झेंडी बगलेत धरून गाईडही मदतीला लागली. शेवटची निळी पिशवी मी टाकली. घुंगरू वाजलं आणि गप्प झालं.

डब्याचं झाकण इतक्या वर्षांनी विनासायास बसलं. मला खरंच हलकं वाटलं. म्हटलं, खलास, सुटलो.

तर तो म्हातारा देवळाच्या खिडकीपाशी गेला, पुजाऱ्याकडून काहीतरी घेतलं, पैसे दिले, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. पांढरी नवीकोरी पिशवी, खाली घुंगरू. गाईड म्हणाली, प्रवासात गाडी सुखरूप राहावी म्हणून आहे. मी दोन्ही हातांनी घेतली. न घेऊन चालणार होतं का? मग ती हसत म्हणाली, हिची मुदत एक वर्ष. वर्ष झालं की परत आणून द्यायची असते.

पोरानं कपाळाला हात लावला. ही म्हणाली, "झालं. सुटले म्हणे!"

बसमधे चढलो तेव्हा ग्रुपच्या चाळीस डोळ्यांनी आमच्याकडं बघितलं. पोरानं सगळ्यांना सॉरी म्हटलं. मी नाही म्हटलं. माझ्या वाटचं देवळात वाकून झालं होतं.

दुबईत परतल्यावर ताठ मानेनं गॅरेजात गेलो. वेल्डरनं मास्क वर केला.

"अमानत पोचली?"

"पोचली. एकेक."

"शाब्बास, उस्ताद." मग त्याची नजर माझ्या हातातल्या डब्यावर गेली. मी हलवला. आत घुंगरू वाजलं. त्यानं मास्क खाली ओढला आणि आतल्या आत हसत राहिला. खांदे हलताना दिसत होते. बिहारी पेंटरनं मात्र उठून मला चहा आणून दिला, न सांगता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी गावी असतो. डबा फडताळावर असतो, आत एकच पिशवी. मुदत केव्हाच संपलीय. पोरगा दर वेळी फोनवर म्हणतो, बाबा, पोस्टानं पाठवू, कुणी जाणाऱ्याबरोबर देऊ, मीच कधी गेलो तर नेईन. मी म्हणतो, काही नको. मला दोन्ही हातांनी दिलीय, मी दोन्ही हातांनी देणार.

गेल्या महिन्यात पासपोर्ट नवा करून घेतला. ही म्हणाली, "ह्या वयात कशाला?" मी तिला पान उघडून दाखवलं. सरकारनं दहा वर्षांचा दिलाय. त्यांनी काहीतरी विचार करूनच दिला असेल ना?